अन्नसाखळी शिकवताना काय निसटते?

माध्यमिक शाळेत परिस्थितिकीचा पाठ बहुधा एकाच चित्राने सुरू होतो : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. चित्र सुटसुटीत आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. पण ते पाठ करूनही गावातल्या तळ्याचे काय बिघडले हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर घेऊ. पक्ष्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. सांडपाणी आणि जलपर्णी ही त्याची जुनी दुखणी आहेत. जलपर्णी उपसली तरी ती पुन्हा पसरते. असे का व्हावे? याचे उत्तर वरच्या साखळीत सापडत नाही. ते सांडपाण्याबरोबर येणाऱ्या नायट्रोजन व फॉस्फरसच्या संयुगांत आहे. जलपर्णी उपसून काठावरच कुजू दिली, तर हेच क्षार पावसाबरोबर पुन्हा पाण्यात उतरतात.

म्हणजे पहिली उणीव अशी, की चित्रातला बाण नेमके काय वाहून नेतो हे सांगितले जात नाही. ऊर्जा सूर्याकडून येते, प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि तो परत येत नाही. क्षार मात्र फिरत राहतात. टान्सली यांनी १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ ही संज्ञा मांडली, ती सजीवांबरोबर माती, पाणी, हवा यांनाही हिशेबात धरण्यासाठी. आपल्या चित्रात यांपैकी काहीच नसते.

दुसरी उणीव विघटकांची. पाठाच्या शेवटी एका वाक्यात जिवाणू आणि बुरशी यांची बोळवण होते. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो फार घटला, तर कोणीही न खाता मासे मरतात. ‘कोण कोणाला खातो’ एवढेच शिकलेल्या मुलाला हे मरण कोडे वाटेल.

तिसरी उणीव आकड्यांची. वरच्या पायरीला १० टक्के ऊर्जा मिळते, हे नियम म्हणून शिकवले जाते. लिंडमन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सीडार बॉग तळ्याचा हिशेब १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वनस्पतिभक्षकांसाठी हे प्रमाण १३.३, तर त्यांना खाणाऱ्यांसाठी २२.३ टक्के आले. १० टक्के हा ढोबळ अंदाज आहे, असे स्पष्ट सांगितले पाहिजे.

शिवाय पायऱ्याही पक्क्या नसतात. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात येणारा रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो. त्यातून शैवाल मिळते, तसेच चिमुकले प्राणीही. मग तो कोणत्या पायरीवर? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. नाथसागर तर माणसाने बांधलेल्या धरणाचा जलाशय. तरीही ती परिसंस्था आहेच, हेही मुलांना त्यातून उमगेल.

साखळी वगळावी, असे सुचवायचे नाही. सुरुवातीला ती उपयोगी आहे. पण तिच्या जोडीला एक मोजमाप हवे. कडुनिंबाची वाळलेली पाने वजन करून मच्छरदाणीच्या जाळीच्या दोन सारख्या पिशव्यांत भरावीत. एक ओलसर मातीत पुरावी, दुसरी वर्गात कोरडी टांगावी. दोन महिन्यांनी पाने माती झटकून, वाळवून पुन्हा तोलावीत. मातीतल्या पानांचे वजन किती घटले आणि ते गेले कुठे, हे मुलांनी वहीत लिहावे. परीक्षेतही ‘अन्नसाखळी पूर्ण करा’ऐवजी ‘जलपर्णी पुन्हा का वाढते?’ असा प्रश्न विचारावा. तळे सुधारण्याचा खर्च कशावर करावा, हे उद्या याच मुलांना नागरिक म्हणून ठरवायचे आहे.