मार्थेच्या घरी

लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाच्या अखेरीस अवघ्या पाच वचनांचा एक प्रसंग येतो. प्रवास करीत असलेला येशू एका गावात शिरतो, मार्था नावाची स्त्री त्याला आपल्या घरी उतरवून घेते, तिची बहीण मरिया त्याच्या चरणांशी बसून त्याचे बोलणे ऐकते आणि कामाच्या रगाड्यात सापडलेली मार्था तक्रार करते. हा उतारा आपल्या इतका परिचयाचा आहे की, त्यापाठोपाठ प्रवचनात काय येणार हेही बहुधा आधीच ठाऊक असते. मरिया म्हणजे प्रार्थना, मार्था म्हणजे प्रपंच. मरिया श्रेष्ठ, मार्था कनिष्ठ. हे ऐकणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकजणी पहाटे उठून, दुपारच्या स्वयंपाकाची निम्मी तयारी उरकून मिस्सेला आलेल्या असतात. प्रवचन संपले की त्या त्याच स्वयंपाकाकडे परततात, आणि प्रवचनकारही कधीकधी त्याच जेवणाचे पाहुणे असतात. या रूढ वाचनाने मार्थेवर अन्याय झाला हे तर उघडच आहे. पण आम्हांस वाटते, त्याहून मोठा अन्याय लूकच्या मजकुरावर झाला आहे.

मजकूर काय सांगतो ते पाहू. लूकने गावाचे नाव दिलेले नाही आणि लाझरसाचा उल्लेखही केलेला नाही. बेथानी आणि भाऊ हे दोन्ही आपण योहानाकडून घेऊन येथे आणून ठेवतो. लूक सांगतो ते एवढेच की, स्वागत करणारी मार्था होती. तिच्या अरामी नावाचा अर्थच मुळी घरधनीण असा होतो. तिच्या अवस्थेसाठी लूकने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे त्याचा शब्दशः अर्थ चहूबाजूंनी ओढले जाणे असा आहे. ज्या घरात एकाच वेळी चूल, पाणी, पाहुणा आणि ताटे सांभाळावी लागतात तेथील कोणालाही तो समजावून सांगण्याची गरज नाही. येशूच्या उत्तरात चिंता आणि खळबळ यांचा उल्लेख आहे, स्वयंपाकाला नावे ठेवलेली नाहीत. चिंता करण्याचे तेच क्रियापद पुढे बाराव्या अध्यायात येते. काय खावे, काय ल्यावे याची काळजी करू नका, असे येशू तेथे शिष्यांना बजावतो. ते वचन ऐकताना आपण शिष्यांना कनिष्ठ ठरवीत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मार्थेचा दोष नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ती बहिणीशी बोलत नाही. बहिणीविषयी पाहुण्याशी बोलते, आणि त्यानेच तिला उठवावे अशी अपेक्षा धरते. घरातील कुरबूर पाहुण्यासमोर मांडून त्याला पंच करण्याचा हा प्रकार आपल्याकडेही अनोळखी नाही. येशू पंच होण्याचे नाकारतो. पण नाकारताना तो तिचे नाव दोनदा उच्चारतो. अब्राहाम, मोशे, शमुवेल यांना देवाने अशीच दुहेरी हाक मारली होती आणि दमास्कसच्या वाटेवर शौलालाही तशीच हाक ऐकू आली. बायबलमधील ही हाक हिणवणारी नव्हे; जवळ बोलावून घेणारी आहे.

मरियेविषयीही आपला समज तपासून घ्यावयास हवा. चरणांशी बसणे म्हणजे हात जोडून मुकाट राहणे नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आपण गमलिएलाच्या चरणांशी शिकलो असे सांगतो. गुरूकडे अध्ययन करणे हाच त्या शब्दप्रयोगाचा अर्थ. मरिया शिष्य होऊन बसली आहे आणि ते स्थान तिच्याकडून काढून घेतले जाणार नाही, असे येशू स्पष्ट करतो. प्रार्थना आणि काम यांची लढत येथे नाहीच. एका स्त्रीने शिकावे की नाही, हा येथील खरा प्रश्न आहे. गंमत अशी की, जी प्रवचने मरियेची थोरवी गातात त्यांपैकी फारच थोडी या निष्कर्षापर्यंत पोहोचतात.

आता हा उतारा आपल्या उपासनेत कोठे येतो ते पाहण्यासारखे आहे. वाचनांच्या त्रैवार्षिक क्रमातील तिसऱ्या वर्षी, सामान्य काळाच्या १६व्या रविवारी तो वाचला जातो. अलीकडे तो २०२५ च्या जुलैत ऐकला गेला. त्या रविवारचे पहिले वाचन उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातले असते. मम्रेच्या झाडांखाली तीन अनोळखी पाहुणे येतात, अब्राहाम धावत तंबूत जाऊन सारेला तीन मापे सपीठ मळावयास सांगतो, कोवळे वासरू रांधवून घेतो आणि पाहुणे जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. ही धावपळ देवाला मान्य होते आणि तिच्यापाठोपाठ पुत्राचे वचन मिळते. ज्याने ही दोन वाचने शेजारी ठेवली त्याला आतिथ्याची निंदा अभिप्रेत असेल, हे आम्हांस पटत नाही. आदल्या रविवारी चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचलेला असतो, आणि त्याचा शेवट तर जाऊन तसेच करण्याच्या आज्ञेने होतो.

हाच लूक प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पुन्हा याच पेचाशी येऊन ठेपतो. विधवांना दररोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार येते. वचनाची सेवा सोडून पंगतीची सेवा करणे आपल्याला योग्य नाही, असे बारा प्रेषित म्हणतात. दोन्ही ठिकाणी सेवेसाठी एकच ग्रीक शब्द आहे, आणि मार्थेच्या कामालाही लूकने तोच शब्द दिला आहे. प्रेषितांनी वाढप थांबवले नाही; सात जण निवडून ते त्यांच्याकडे सोपवले, आणि सातही जण पुरुष होते. मार्थेच्या घरात असे कोणी उठले का, ते लूक सांगत नाही. वाटेने जाणारे अनेक होते, घरात शिरणारा मात्र तो एकवचनी लिहितो. म्हणून शिष्य आत होते असे ठामपणे म्हणता येत नाही. पण आपल्या घरांत शिष्य आतच असतात आणि बहुधा बसलेले असतात.

परंपरेचा विचार थोडक्यात करू. मार्था म्हणजे हे ऐहिक जीवन आणि मरिया म्हणजे येणारे जीवन, असे रूपक संत ऑगस्टीन यांनी रूढ केले, आणि रूपक रूढ झाले की माणसे पुसट होतात. पोप ग्रेगरी यांनी ५९१ च्या सुमारास बेथानीची मरिया, मग्दालिया आणि लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्री या तिघींना एकच ठरवले. तो गुंता पुढे शतकानुशतके चालत राहिला. याउलट १४व्या शतकाच्या आरंभीचा जर्मन डोमिनिकन माइस्टर एकहार्ट मार्थेलाच अधिक परिपक्व मानतो. आविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तर विचारले आहे की, मरिया चरणांशीच बसून राहिली तर बहिणीच्या मदतीवाचून ती प्रभूला जेवू काय घालणार? मठांची व्यवस्था चालवलेल्या स्त्रीचा हा प्रश्न आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत वेलाझ्केझचे एक चित्र आहे, १६१८ च्या सुमाराचे. चित्रकार तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. समोर स्वयंपाकघर: मासे, अंडी, लसूण, वाळलेली मिरची आणि खलबत्त्यात वाटण करणारी, चेहरा उतरलेली एक तरुणी. मागे एक वृद्धा बोट दाखवते आहे. येशू आणि त्या दोघी बहिणी कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत दिसतात. ती चौकट म्हणजे खिडकी, आरसा की भिंतीवरचे चित्र, यावर जाणकारांत एकमत नाही. पाहणाऱ्याची नजर मात्र त्या वाटणाऱ्या मुलीवरच थांबते. तिला उपदेश कसला केला जात आहे, हे चित्रकार सांगत नाही. आमच्या मते हे या पाच वचनांवरचे अनेक प्रवचनांहून सरस भाष्य आहे.

अलीकडे एक समन्वयाचे वाचनही ऐकू येते: आपण प्रत्येकाने मार्था व्हावे आणि मरियाही व्हावे. ते तेरेजांच्या प्रश्नाच्या जवळचे वाटते, पण तेवढे खरे नाही. दोघींचे ओझे एकीच्याच डोक्यावर ठेवून, वर मन शांत ठेवण्याची अट घालणे याला समन्वय म्हणता येणार नाही.

२९ जुलै हा पूर्वी एकट्या मार्थेचा स्मृतिदिन होता. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने २०२१ मध्ये त्यात मरिया आणि लाझरस यांची नावे जोडली गेली. त्या दिवशी लूकचा हा उतारा वाचता येतो किंवा योहानाच्या अकराव्या अध्यायातला दुसरा. त्या दुसऱ्यात भाऊ गेलेला आहे. मरिया घरात बसून आहे आणि मार्था वाटेवर सामोरी जाते. आधी आला असतास तर, असे ती त्याला बोलून दाखवते, आणि मग तोच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे अशी कबुली देते. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच कबुली पेत्राच्या तोंडी आहे, आणि तिच्याबद्दल त्याला किल्ल्या मिळाल्या. थोड्याच वेळात कबरीपाशी, चार दिवस झाले, आता दुर्गंधी येत असेल, असे सांगणारीही हीच मार्था. श्रद्धा आणि व्यवहार एका अध्यायात एकाच बाईच्या तोंडी आलेले आहेत.

पुढल्या अध्यायात बेथानीला पुन्हा जेवण होते. लाझरस पंगतीस बसला आहे. मरिया सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते आणि त्या वासाने घर भरून जाते. या वेळी तक्रार करणारा यहूदा आहे आणि त्याची तक्रार पैशाची आहे. मार्थेविषयी योहानाने एवढेच नोंदवले आहे की ती वाढत होती. कोणी तिला बस म्हणाले नाही, आणि तीही काही बोलली नाही.