आकृतीबाहेरची ग्रंथी

शालेय पुस्तकांत डोळा भेटतो तो बहुधा कॅमेऱ्याच्या रूपात. पारपटल, भिंग, दृष्टिपटल अशी नावे दिली जातात, उलटी प्रतिमा पडते आणि पाठ संपतो. आकृती नेत्रगोलाच्या छेदाची असल्याने त्याबाहेरची अश्रुग्रंथी आपोआप गळते. रोगांच्या तक्त्यातही अशीच काटछाट होते. गालगुंड म्हणजे कानाखालची लाळग्रंथी सुजणे, एवढेच! हे दोन पाठ एकमेकांना कधी भेटतच नाहीत, ही माझी तक्रार आहे.

अश्रुग्रंथी साधारण बदामाएवढी. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोलगट जागेत ती असते. लाळग्रंथीसारखीच तीही स्राव तयार करून नलिकांवाटे बाहेर सोडते. गालगुंडाचा विषाणू अनेक ग्रंथींत वाढू शकतो. म्हणून क्वचित अश्रुग्रंथीलाही त्याच्यामुळे सूज येते. एपस्टाइन-बार विषाणू आणि नागिणीचा विषाणू यांच्यामुळेही असे होऊ शकते.

अशा मुलाची वरची पापणी बाहेरच्या बाजूला सुजते, दुखते, खाली उतरते. आपण ‘डोळे आले’ किंवा ‘रांजणवाडी झाली’ म्हणून मोकळे होतो आणि घरात उरलेल्या थेंबांची बाटली बाहेर निघते. प्रतिजैविकाचा विषाणूवर काही उपयोग नसतो. थेंबांत स्टेरॉइड असेल तर काही विषाणूंच्या संसर्गात पारपटलाची हानी वाढू शकते. उलट, सूज जिवाणूंमुळे असेल तर प्रतिजैविक लागतेच. हा निवाडा डॉक्टरांचा.

शिक्षकाने मात्र तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. सूज बाहेरच्या कोपऱ्यात आहे की नाकाजवळ? नाकाजवळ अश्रुपिशवी असते, तो आजार वेगळा. ताप किंवा गालाला सूज होती का? नजर अंधूक झाली आहे का, डोळा हलवताना दुखते का? तसे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुस्तकात सगळेच मावत नाही, हे मान्य. हा आजारही विरळाच. पण गालगुंड आपल्याकडे विरळा नाही. 2017 साली सुरू झालेल्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत त्याची लस नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर डोळा काढाल, तेव्हा वर बाहेरच्या बाजूला एक बदाम काढा आणि आतल्या कोपऱ्यातून नाकाकडे जाणारी नळी दाखवा. रडताना नाक का वाहते, याचे उत्तर मुलेच देतील.