एका बैठकीत संपलेले पुस्तक

मी वाचनातून उठलो त्याला बारा वर्षे झाली. एके काळी कादंबरी हाती आली की जेवणाची आठवण राहत नसे. पुढे नोकरीची दगदग, मग डोळ्यांतला मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू निघाला तोवर हातात मोबाइल आलेला. मधल्या काळात प्रयत्न केले नाहीत असे नाही. पाच-पाचशे पानांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणल्या. साठाव्या पानाशी तलवारी म्यान झाल्या. रहस्यकथा आणल्या, खुनी कोण हे आधीच कळले. दोष पुस्तकांचा नसून आपलेच मन आता आटले, अशी समजूत करून घेतली.

यंदा नवरात्रात सूनबाईने एक सडपातळ पुस्तक पुढे ठेवले. म्हणाली, “बाबा, हे बघा जमतंय का. फार मोठं नाही.” पुस्तक होते व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ साली निघालेली ही कादंबरी माझ्यासारख्या जुन्या वाचकाकडून राहून गेली होती, हे सांगायला थोडी शरमच वाटते. दुपारी चहाबरोबर उघडली; मिटली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चहावर साय धरली होती.

या पुस्तकाने मला धरले ते कशाने, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळतो आहे. यात खून नाही, गुपित नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही. एक कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे. शाळा भरेल का? एवढाच पहिला प्रश्न. पण तो राजाराम मास्तर स्वतः गोष्ट सांगतो, त्याची नोकरी आणि अब्रू दोन्ही त्या पोरांवर टांगलेली आहेत, म्हणून म्हातारा कारभारी त्याच्या बाजूने उभा राहतो तेव्हा आपलाच जीव भांड्यात पडतो. पुढे आनंदा रामोशी येतो. चोर असून लोभ वाटावा असा. शेकूपाशी एकच बैल, तर दुसऱ्या बाजूला त्याची बायको जू खांद्यावर घेते. लेखक तिथे एक हळवा शब्द खर्च करत नाही. उत्कंठा म्हणजे पुढे काय होणार याची घाई, असे आपण समजतो. मला वाटते, या माणसांचे बरे होवो, ही काळजी म्हणजे खरी उत्कंठा.

दोषही सांगायला हवा. माडगूळकर ‘माणदेशी माणसं’ लिहून मग कादंबरीकडे वळले आणि त्याची खूण इथे दिसते. काही माणसे व्यक्तिचित्रासारखी येतात आणि आपला प्रसंग झाला की निघून जातात. तालमीच्या बांधकामाने सारी वाडी एकत्र येते, तिथे कथानकाला जी बांधणी लाभते ती सगळीकडे नाही. कोणी म्हणेल, वाडीचे जगणेच असे सुटे-सुटे असते. ते मला अर्धेच पटते.

शेवट मात्र पुरा पटला. दुष्काळ पडतो, वाडी मेंढरे घेऊन निघून जाते, भरलेली शाळा पुन्हा रिकामी होते. हे वाचताना मी पुस्तक छातीवर पालथे ठेवले.

आमचे श्रीरामपूर कालव्याच्या पाण्यावर वाढलेले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी फिरले, ऊस आला, साखर कारखाने आले. इथे वाढलेल्या पोरांना पाणी ही पाटातून येणारी गोष्ट वाटते. पण आम्ही मूळचे इथले नव्हे. १९७२ च्या दुष्काळात वडील पाथर्डीकडचे घर सोडून आम्हाला इकडे घेऊन आले. दाराला कुलूप लावून ते जरा वेळ ओट्यावर बसले होते, एवढे मला आठवते. त्यांच्या मनात तेव्हा काय होते हे मी कधी विचारले नाही. विचारायचे राहिले आणि ते गेले. रिकाम्या वाडीची ती पाने वाचताना वाटले, ते बहुधा असेच काहीतरी असेल. माझ्या जन्माआधीच्या एका पुस्तकाने, दुसऱ्याच मुलखाची हकीकत सांगताना, माझ्या घराच्या ओट्यावर आणून बसवले.

तेव्हा मन आटले नव्हते. त्याला हवे ते पाणी मिळत नव्हते इतकेच. वाचन सुटलेल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच, की जाडजूड पुस्तकाने पुन्हा सुरुवात करू नये. आपल्या माणसांचे, एका बैठकीत संपेल असे एखादे घ्यावे. चकल्यांचा घाणा उतरला आणि पोरे फटाक्यांना पांगली की तास-दोन तास सापडतातच. आमच्याकडे ‘बनगरवाडी’ आता नातवाच्या हाती आहे. तो कुठवर आला हे मी विचारत नाही. काल हाक मारली तर त्याने ओ दिली नाही, तेवढ्यावरून समजलो.