संगणकाच्या पडद्यावर बुद्धीचे माप

शाळकरी मुलापासून नव्वदीतल्या आजोबांपर्यंत कोणाचीही स्मरणशक्ती, अवधान आणि विचारांचा वेग थोड्या मिनिटांत मोजून देऊ, असे सांगणाऱ्या संगणकीय चाचण्या आज सहज मिळतात. पडद्यावर चौकोन उमटला की कळ दाबायची. वेळ मिलिसेकंदांत नोंदली जाते. आकडा इतका नेमका दिसतो, की त्यावर शंका घ्यावी असे कोणाला सुचत नाही. आम्हांला ती घ्यावीशी वाटते.

संगणकाचा फायदा खरा आहे. तो थकत नाही, सर्वांना सूचना सारख्याच देतो, ओळखीच्या मुलाला चुचकारत नाही. पण त्याच्याही खोडी आहेत. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंदांची अनिश्चितता तिथेच आली. स्पर्शाचा पडदा आणखी काही दशक मिलिसेकंद खातो, आणि प्रत्येक फोनचे हे खाणे वेगळे. तरुण आणि वृद्ध यांच्या साध्या प्रतिसादकालातला फरक बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या आतलाच असतो!

याहून मोठा प्रश्न वयाचा आहे. देगलूरकडच्या एखाद्या घरात नातू, वडील आणि आजी यांना एकच चाचणी दिली, तर गुण वयानुसार उतरलेले दिसतील. पण उतरले काय? अमेरिकेत सिॲटल येथे वॉर्नर शाए यांनी १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात हाच पेच पुढे आला. वेगवेगळ्या वयांची माणसे एकाच वेळी तपासली, की घसरण लवकर सुरू झालेली दिसे. तीच माणसे दर सात वर्षांनी तपासली, तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकलेल्या आढळत. मधला फरक वयाचा नव्हे, पिढीचा होता. आपल्याकडे ही दरी किती रुंद असेल! आज ऐंशी ओलांडलेल्या आजींचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. खेड्यातल्या मुलीला तेव्हा शाळा कुठली? त्यांच्या हाती प्रथमच माउस देऊन जे मोजले जाते, त्याला ‘स्मृतिभ्रंशाची चाहूल’ म्हणणे आम्हांला धोक्याचे वाटते. घरातले लोक त्यानंतर आजींना व्यवहारातले विचारेनासे होतात.

भाषेचेही तसेच. शंभरातून सात-सात वजा करा, हा अशा चाचण्यांतला नेहमीचा प्रश्न. त्र्याण्णव, शहाऐंशी, मग एकोणऐंशी. हा शब्दच ‘ऐंशीला एक कमी’ असा, म्हणजे वजाबाकीत आणखी एक वजाबाकी. इंग्रजीतल्या वेळेचे कोष्टक इथे कसे चालेल? व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांच्या चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले, ते १९३४ साली प्रसिद्ध झाले. उदगीर-निलंग्याच्या शिक्षकांना त्या खटाटोपाची गरज वेगळी सांगायला नको. हरियाणातील बल्लभगडच्या संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी चाचणी बेतली, तेव्हा ‘एक वाक्य लिहा’ऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’ असे विचारले. तिथे यंत्र नव्हे, प्रश्न बदलला.

लातूरचा अनुभव उलट बाजूचा आहे. जेईई संगणकावर होते, म्हणून शिकवणी वर्गांतली मुले पडद्यावर सराव परीक्षा देत राहतात. त्यांचा हात बसतो. किनवटच्या वाडीवरचा मुलगा त्यांच्या शेजारी बसवला, तर पहिल्या दिवशीचा फरक बुद्धीचा किती आणि सरावाचा किती, हे एका गुणावरून सांगता येणार नाही. तरी पालकांच्या हाती तोच गुण पडतो, आणि ‘मंद’ हा शिक्का पुसायला वर्षे लागतात.

शाळेत दोन वेगळे संगणक असतील, तर शिक्षकांनी दहावीच्या वर्गावर एक प्रयोग करावा. साधी प्रतिसादकालाची चाचणी तीन दिवस, दोन्ही यंत्रांवर, आलटूनपालटून घ्यावी. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसातला फरक, तसेच दोन यंत्रांतला फरक वहीत लिहावा. मग चाचणीच्या पुस्तिकेत वीस आणि साठ वर्षांच्या सरासरीत किती अंतर दिले आहे आणि ती सरासरी कोणत्या माणसांवरून काढली आहे, ते शोधावे.