प्रौढशिक्षणाची संदर्भसाधने : संज्ञा, वर्गीकरण आणि संशोधक

प्रौढशिक्षणावरील पदव्युत्तर प्रबंधांसाठी संदर्भ जमविताना ग्रंथालयाच्या सूचीतील ‘प्रौढशिक्षण’ एवढाच मथळा पाहण्याची प्रथा रूढ आहे. ही प्रथा सोयीची असली तरी सदोष आहे; कारण या विषयाचे नाव कधीच स्थिर राहिलेले नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न ‘रात्रीच्या शाळा’ या नावाने ओळखले जात. स्वातंत्र्यानंतर सरकारी व्यवहारात ‘समाजशिक्षण’ ही व्यापक संज्ञा आली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ‘प्रौढशिक्षण’ हा शब्द पुन्हा पुढे आणला, तर १९८८ च्या राष्ट्रीय मोहिमेने ‘साक्षरता’ या शब्दास अग्रस्थान दिले. २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही संज्ञा स्वीकारली. यांपैकी एकाच शब्दाचा आधार घेणाऱ्या अभ्यासकाच्या हाती एकाच कालखंडाचे साहित्य लागते, आणि त्यालाच तो विषयाचा समग्र इतिहास समजून बसतो.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत प्रौढशिक्षणास ३७४ हा अंक आहे. परंतु तेथे प्रामुख्याने तात्त्विक ग्रंथ व अहवाल सापडतात. नवसाक्षरांसाठी लिहिलेली शेतीविषयक पुस्तिका ६३० मध्ये जाते, कथा मराठी साहित्यात, तर अंकलिपी भाषेच्या विभागात. विषयानुसार हे वर्गीकरण चुकीचे म्हणता येणार नाही. तथापि पुस्तक कोणासाठी लिहिले गेले, हा संशोधकाचा मूळ प्रश्न त्यात लोप पावतो. एकाच ग्रंथाचे विविध पैलू स्वतंत्रपणे नोंदविण्याची जी दृष्टी रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात दिली, तिचा उपयोग येथे होण्यासारखा आहे. पुस्तके मूळ जागी ठेवून वाचकवर्ग, मोहीम, जिल्हा, प्रकाशक संस्था आणि वर्ष यांची पूरक सूची करता येईल. जुन्या व नव्या संज्ञा परस्परांशी जोडणारी ‘हेही पाहा’ ही नोंद तिच्यात अनिवार्य मानावी.

हा प्रश्न केवळ सूचीकाराचा नाही. अहवाल जाड बांधणीत टिकतात. पातळ वाचनपाठ हाताळून फाटतात आणि निरुपयोगी म्हणून काढून टाकले जातात. परिणामी किती वर्ग भरले आणि किती खर्च झाला, हे आपणास कळते. पण शिकणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या हाती कोणता मजकूर दिला गेला, त्यात त्यांना शेतकरी, माता की केवळ अडाणी मानले गेले, याचा पुरावा नाहीसा होतो. मोहीम राबविणाऱ्यांच्या कागदपत्रांवरूनच त्या मोहिमेचे मूल्यमापन करणे हे संशोधन नव्हे, ती पुनरुक्ती होय.

म्हणून प्रबंधाच्या आरंभी कोणत्या संज्ञा, कोणते वर्गांक आणि कोणते कालखंड तपासले, याचे निवेदन विद्यार्थ्याकडून घेण्याचा दंडक विभागांनी घालावा. त्यामुळे निष्कर्षांचा आवाका वाचकास नेमका कळेल, आणि पुढील अभ्यासकाचा शोध आधीचा जेथे थांबला तेथून सुरू होईल.