जाहिरातीतील आकडा : वाच्यार्थ आणि ध्वनी

जाहिरातीच्या मजकुरात आकडा आला म्हणजे वाचकाचा विश्वास वाढतो, हे सर्वमान्य आहे. तो का वाढतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. डॅरेल हफ यांच्या १९५४ मधील पुस्तकापासून आकड्यांच्या लबाडीकडे पुष्कळ लक्ष वेधले गेले. आकडा वाक्यात नेमके कोणते कार्य करतो, हा साहित्यविचाराच्या कक्षेतील प्रश्न त्यामानाने मागेच राहिला. विक्रीसाठी लिहिलेला मजकूर हेही अखेर मन वळविण्यासाठी रचलेले गद्यच होय, आणि त्यातील आकड्याला वाच्यार्थ व ध्वनी हा आपल्या काव्यशास्त्रातील भेद लावून पाहण्यास हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आयव्हरी साबण ९९.४४ टक्के शुद्ध म्हणून गाजला. पृथक्करणात मुक्त अल्कली ०.११, कार्बोनेटे ०.२८ व खनिज द्रव्य ०.१७ टक्के आढळले; ही ०.५६ टक्क्यांची बेरीज शंभरातून वजा केली, एवढेच. 'शंभर टक्के शुद्ध' ही दुकानदाराची नेहमीची बढाई ठरली असती. येथे उणिवेची कबुलीच प्रामाणिकपणाचा पुरावा बनते. तथापि अशा शुद्धतेने कपडे वा अंग अधिक स्वच्छ होते काय, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. आकडा अचूक, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न ग्राहकाचा नव्हे.

याहून अधिक विचार करण्याजोगे उदाहरण डेव्हिड ओगिल्व्ही यांच्या १९५८ मधील रोल्स-रॉइसच्या जाहिरातीचे आहे. ताशी ६० मैल वेगाने जाताना या मोटारीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा तिच्या मथळ्याचा आशय. घड्याळाची कल्पना नवी नव्हती. १९३३ मध्ये पिअर्स-अ‍ॅरो मोटारीच्या जाहिरातीत, गाडीत घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काहीच ऐकू येत नाही, अशा अर्थाचे वाक्य येऊन गेले होते. मग पहिले वाक्य विस्मरणात जावे आणि दुसरे स्मरणात राहावे, असे का? पहिल्यात आकडा नाही. त्यामुळे गाडी उभी आहे की धावत आहे, हेही कळत नाही. ते विधान निरपवाद आहे, म्हणूनच ते अतिशयोक्तीत जमा होते. दुसऱ्यात ६० हा आकडा फुशारकीचा नसून अटीचा आहे. तो विधानाला मर्यादा घालतो, आणि मर्यादा पडताच विधान तपासता येण्याजोगे होते. शिवाय ते एका मोटारविषयक नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाच्या तोंडी घातले आहे. पुढील मजकुरात इंजिन बसविण्यापूर्वी ७ तास पूर्ण वेगाने चालविल्याचा, रंगाच्या ५ प्राथमिक व ९ अंतिम थरांचा आणि ३ वर्षांच्या हमीचा उल्लेख येतो. यांतील एकही आकडा मोठा नाही. प्रत्येकाला स्वतःचे एकक आहे, आणि प्रत्येक मोटारीच्या घडणीतील एखाद्या ठराविक गोष्टीविषयी आहे. जाहिरात लिहिणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांतून 'आकडे वापरा' असा जो सरसकट उपदेश आढळतो, त्यात हे मर्म बहुधा हरवते.

उलट प्रकार ब्रिटनमध्ये दिसला. शेकडा ८० हून अधिक दंतवैद्य कोलगेटची शिफारस करतात, असे फलक तेथे लागले होते. २००७ मध्ये तेथील जाहिरात-नियामक मंडळाने हा दावा दिशाभूल करणारा ठरविला. पाहणीत दंतवैद्यांना एकाहून अधिक टूथपेस्टची नावे सांगण्याची मुभा होती, आणि दुसऱ्या एका टूथपेस्टची शिफारसही जवळजवळ तेवढ्याच दंतवैद्यांनी केली होती. म्हणजे वाच्यार्थ खरा होता. परंतु उरलेले २० टक्के दंतवैद्य तेवढे इतर टूथपेस्ट सुचवितात, हा जो ध्वनी वाचकाच्या मनात उमटतो, तो खोटा होता. मंडळाने न्याय केला तो ध्वनीचा, आणि तो योग्यच केला. कारण ग्राहक पैसे मोजतो ते ध्वनीवर.

सर्व तपशील उघड केला तर मजकूर निस्तेज होतो, असा आक्षेप येथे घेतला जातो. रोल्स-रॉइसच्या जाहिरातीत अट मथळ्यातच आहे आणि मथळ्याचे बळही तीच आहे. टूथपेस्टच्या फलकावर दंतवैद्यांना विचारलेला प्रश्न छापला असता, तर ८० हा आकडा जागच्या जागी राहिला असता. 'इतरांहून श्रेष्ठ' एवढा अर्थ मात्र त्यातून गळून पडला असता.