थेरींचे शब्द आणि थेरींच्या नावावरचे शब्द

आमच्या पालि वर्गास येणाऱ्या एका तरुण उपासिकेने वर्षावासातील पौर्णिमेच्या कार्यक्रमात वाचण्यासाठी एक इंग्रजी कविता वहीत उतरवून आणली होती. "सर, ही थेरी अगदी माझ्या आईसारखी बोलते," असे ती म्हणाली. कविता मॅटी वाइनगास्ट यांच्या 'द फर्स्ट फ्री विमेन' (२०२०) या संग्रहातील होती. शिरोभागी थेरीचे नाव होते. परंतु त्या थेरीच्या पालि गाथेत त्या ओळी मला आढळल्या नाहीत.

या संग्रहाची हकिकत वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. प्रथम तो आद्य भिक्खुणींच्या कविता म्हणूनच प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये भिक्खुसंघातून व अभ्यासकांतून आक्षेप आल्यानंतर प्रकाशकांनी उपशीर्षक बदलले व या थेरींपासून स्फूर्ती घेतलेल्या स्वतंत्र कविता आहेत, असे मान्य केले. तोवर कित्येकांनी त्या थेरीवचन समजून वाचल्या होत्या.

कविता म्हणून त्या वाईट नाहीत. भाषा साधी आहे, दुःख ओळखीचे आहे. सहज वाचणाऱ्याचा आनंद खोटा ठरविण्याचा अधिकार पालि पंडितास नाही, हे मी प्रथमच नमूद करतो. माझी तक्रार वेगळी आहे. अशा रूपांतरात जे शब्द रुक्ष व पारिभाषिक म्हणून प्रथम गळतात, त्यांतच पुष्कळदा थेरीचा खरा प्रहार असतो.

सोळसनिपातातील पुण्णेचेच उदाहरण घ्यावे. ती पाणी वाहणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणास ती विचारते की, पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक, कासव व मगरी यांनाही स्वर्ग मिळावयास हवा. हा युक्तिवाद कोणत्याही भाषेत टिकतो. परंतु गाथा तेथे संपत नाही. शेवटी तो ब्राह्मण म्हणतो की, आपण पूर्वी नावाचे ब्राह्मण होतो, आज खरे झालो. आणि स्वतःस 'तेविज्ज' व 'नहातक' म्हणवितो. तीन वेद जाणणारा तो तेविज्ज, हा ब्राह्मणी अर्थ. बुद्धवचनात त्याच शब्दाने तीन विद्या अभिप्रेत आहेत, व त्यांतील शेवटची आसवक्षयाची. नहातक म्हणजे स्नातक, न्हालेला. नदीत न उतरता तो न्हाला! वेदांची बिरुदे त्यांच्याच शब्दांत काढून घेतली गेली, तीही एका दासीच्या प्रश्नामुळे. हे दोन शब्द 'मी आता मोकळा झालो' अशा गोड वाक्यात विरघळविले, तर उरतो तो केवळ दिलासा. ज्या समाजास १९२७ साली महाडला पाण्यासाठीच सत्याग्रह करावा लागला, त्याने तरी पुण्णेचे हे शब्द हातचे जाऊ देऊ नयेत.

येथे एक अडचणीचा प्रश्न आहे. नव्या कवितांतून पुनर्जन्माचे उल्लेख बरेच गळले आहेत, व आपल्यापैकी काहींना ते सोयीचे वाटेल. परंतु बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माचा विचार केला तो प्रश्न उघडपणे मांडून, स्वतःच्या नावाने. कोणा थेरीच्या तोंडी त्यांनी आपले वाक्य घातले नाही. अर्थ नवा लावणे व शब्द बदलून तेच मूळ म्हणणे यांत मोठे अंतर आहे.

दोष एकट्या कवीचा नाही. थेरीगाथेत त्र्याहत्तर कविता आहेत. आम्ही पालिचे लोक परीक्षेसाठी त्यांतील विभक्ती सोडवीत बसलो, आणि ती मुलगी आईचा आवाज शोधीत इंग्रजी पुस्तकाकडे गेली.

तिला मी कविता वाचू नकोस, असे म्हटले नाही. कवीचे नाव सांगून वाच, एवढेच सुचविले. तिने ती वाचली. नंतर तिने विचारले, "पुण्णेच्या मूळ गाथा किती आहेत, सर?" सोळा, असे मी सांगितले. रविवारच्या वर्गात आम्ही सातव्या गाथेपर्यंत आलो आहोत.